गूळ कधी घालायचा

मंडळाच्या गणपतीत शिऱ्याच्या जागी खीर कशी आली, ते जुन्या सभासदांना मी सांगायला नको. नव्यांसाठी एवढंच, की सांगलीच्या काकू आणि साताऱ्याच्या वहिनी यांच्यात आधी वाद झाला, मग खीर झाली. काकू तिला हुग्गी म्हणतात, वहिनी गव्हाची खीर. काकूंना भरपूर बडीशेप हवी, वहिनींना सुंठ-जायफळ. आता दोन्ही पडतं. पाठीला पट्टा बांधून रात्रभर काहिलीपाशी उभं राहणारी अशी माणसं मी कृष्णाकाठच्या माहेरीसुद्धा पाहिली नाहीत.

या खिरीचा खपली गहू मुळातच हट्टी. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचा दाणा मळणीनंतरही टरफल सोडत नाही, तो कांडूनच काढावा लागतो. खिरीसाठी आजी त्याला पुन्हा पाण्याचा हात लावून उखळात सडायची, सुपात पाखडायची आणि रात्रभर भिजत घालायची. सकाळी चूल. आम्हा पोरांचं लक्ष गुळाच्या ढेपेवर. आजी एक दाणा चिमटीत दाबायची. “अजून कचकतंय. थांब.” दाणा फुटून आतलं पांढरं दिसेपर्यंत ढेपेला हात लावायचा नाही. गूळ आधी पडला, तर पुढे कितीही शिजवा, गहू टणकच राहतो.

इथे परदेशात उखळ कुठलं? सुरुवातीला जो कोणी गावी जाई त्याच्या बॅगेतून दोन-दोन किलो खपली यायची. मग वहिनींना इटालियन दुकानात फार्रो सापडला आणि आमची सोय झाली. गव्हाची जात तीच, डिकोक्कम. तस्कनीत त्याचं सूप करतात. तिथल्या गारफान्यानाच्या फार्रोला 1996 मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र पाकीट वाचून घ्या, फार्रो म्हणून स्पेल्टही विकतात. (आणि खपलीत ग्लुटेन नसतं, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान इथे आणू नका. असतं.) पॉलिश केलेला फार्रो अर्ध्या तासात शिजतो. मला तिथेच खटकतं. इतक्या लवकर मऊ होणाऱ्या दाण्याला आमच्या खपलीचा चिवटपणा कुठून येणार? शिवाय डब्यातला खोबऱ्याचा कीस, स्लो कुकर... बरं, राहू दे.

एका रात्रीबद्दल मात्र लिहायलाच हवं. हॉल रात्रभरासाठी मिळाला होता, आणि दहा किलो गहू खरोखर गावाकडचा, सडलेला. अकराला काहील चढली. काकूंनी उलथन्याचा ताबा घेतला. बूड लागू नये म्हणून त्या तळ खरवडत गोल फिरवत होत्या, आणि तो एकसुरी घर्रर्र आवाज ऐकत निम्मं मंडळ खुर्च्यांवर पेंगत होतं. पहाटे चारच्या सुमारास गूळ पडला. रंग बदलला, बडीशेपेचा वास हॉलभर पसरला आणि झोपलेली माणसं एकेक करून उठून काहिलीपाशी आली. कुणी बोलवलं नव्हतं. वाढताना वरून गार दूध आणि तूप. दूध आधी घालायचं नाही, गुळाने फाटतं.

त्याच्या आदल्या वर्षी घाईने गूळ घालून खीर बिघडवली ती मीच. दीडशे माणसांनी काही न बोलता दडदडीत गहू चावला.

आमच्या शेजारी एक नायजेरियन इग्बो कुटुंब राहतं. ते आफ्रिकन ब्रेडफ्रूटच्या बिया सोलून ‘उक्वा’ शिजवतात, सुकी मासळी घालून. शेजारीण सांगत होती, मुलगी म्हणते सोललेल्या बियांचं पाकीट मिळतं, कशाला नखं दुखवायची? आम्ही दोघी हसलो, पण फार वेळ नाही.

माझी लेकही तेच विचारते. तिला युट्यूबवरची पंधरा मिनिटांची कृती पुरते. मुलांनो, ढोल-ताशाला चाळीस जण येता, उलथन्याला दोन. ते दोघेही ‘किती वाजता गूळ?’ म्हणून घड्याळ बघतात. घड्याळात बघून कळत नाही रे. दाणा दाबून बघा, भाजलं बोट तरी चालेल.

या वर्षी निवडण-पाखडण शनिवारी दुपारपासून आहे. सूप काकू आणतील. मागच्या वर्षी खीर घरी नेलेल्यांपैकी तिघांचे डबे अजून परत आलेले नाहीत, तेही घेऊन या.