खुर्चीचं भाडं

आमच्या आखाडा बाळापुरात कॉफी मिळत नाही असं नाही. पण ती मागून घ्यावी लागते, आणि मागणाऱ्याकडे हॉटेलवाला आधी निरखून पाहतो. आमच्याकडे कॉफी पिण्याची कारणं ठरलेली आहेत: घरी पाहुणे आलेले असणं, एकादशी असणं, नाहीतर अंगात कणकण असणं. यांतलं काहीच नसताना कॉफी पिणं म्हणजे दिवाळी नसताना उटणं लावण्यासारखं. घरची कॉफीही जायफळाची. पूड कुठल्या डोंगरावरची, हे कुणी विचारत नाही. जायफळ पडलं का, एवढंच विचारतात.

असा मी, बी.कॉम. (द्वितीय श्रेणी), कॉफीच्या दुकानांवर टीका करायला बसलोय, कारण मागच्या महिन्यात पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं आम्हा दोघांना अशाच एका दुकानात नेलं. दुकानाचं नाव सांगत नाही. बँकेत वीस वर्षं काढल्यावर दुसऱ्याच्या खात्याचं नाव तोंडातून सहज निघत नाही.

आत शिरल्यावर मी सवयीप्रमाणे दरपत्रक तपासलं. नावं बरीच होती, पण मूळ नोंद एकच निघाली. यंत्रानं दाबून काढलेला दोन घोट काढा, त्याला एस्प्रेसो म्हणतात. त्यात गरम पाणी ओतलं की अमेरिकानो, दूध भरपूर ओतलं की लाटे, दूध कमी करून फेस वाढवला की कॅपुचिनो. भांडवल एक आणि खाती तीन! त्यात फेस म्हणजे शेवटी हवाच. हवेला एवढा भाव आलेला मी शेअरबाजारानंतर इथंच पाहिला.

स्टारबक्स या अमेरिकन साखळीनं तर मापांचीच नावं बदलली. तिथं ‘टॉल’ म्हणजे उंच. पण टॉल, ग्रान्दे, व्हेन्टी या तिघांत हा उंचच सगळ्यांत ठेंगणा, 354 मिलिलिटरचा. ‘व्हेन्टी’ म्हणजे इटालियनमध्ये वीस, कारण त्यात वीस औंस मावतात. आमच्याकडे कट मागितला की कटच येतो, त्यासाठी इटालियन शिकावं लागत नाही. पुढं त्यांनी भारतात ‘पिको’ नावाचा सहा औंसांचा छोटा पेला आणला, फिल्टर कॉफी आणली, मसाला चहासुद्धा आणला. अमेरिकेहून निघालेलं गलबत शेवटी आमच्या बाकड्याला येऊन टेकलं म्हणायचं.

त्यांचं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर 2012 मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला उघडलं, टाटांच्या निम्म्या भागीदारीत. मार्च 2024 अखेर 421 दुकानं, 61 शहरं. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी जाहीर केलं होतं, की 2028 पर्यंत हजार दुकानं करू, दर तीन दिवसांना एक. असे आकडे ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. कॅफे कॉफी डे 1996 साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर सुरू झालं. 2019 च्या मार्चमध्ये सतराशेवर दुकानं होती. त्याच जुलैत संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ गेले, मागं कर्जाचा डोंगर राहिला, आणि पुढच्या पाच वर्षांत दुकानं साडेचारशेच्या आसपास उरली. यावर विनोद करवत नाही. कर्जाच्या फायली माझ्याही टेबलावरून जातात.

त्यापेक्षा इंडियन कॉफी हाऊसची कथा मला आवडते. 1936 साली मुंबईत चर्चगेटला पहिलं दुकान निघालं. पुढं कॉफी बोर्डानं दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा 1957 पासून कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. तिथं एका कपावर तासन्‌तास बसणारी गिऱ्हाइकं प्रसिद्ध आहेत. आमच्या बाळापूरची जातकुळी तीच. हळदीच्या दिवसांत स्टँडसमोरच्या हॉटेलात माणूस एका कटावर नांदेडपासून दिल्लीपर्यंतचं राजकारण उरकतो.

हे सगळं मी लेकीला ऐकवत होतो. बिल 640 रुपये झालं होतं. “चौसष्ट कट आले असते! हे कॉफीचे पैसे नव्हेत, खुर्चीचं भाडं आहे. आमच्याकडं बाकडं फुकट!”

लेक काही बोलली नाही. बायकोनं मात्र चपला काढून पाय वर घेतले होते आणि काचेतून रस्ता बघत होती. तास उलटला. कुणी पोऱ्या फडकं घेऊन आला नाही. (आमच्याकडं टेबल पुसायला घेतलं की उठायचं असतं.) मग तिनं लेकीला हळूच विचारलं, “इथं अजून थोडं बसलं तर चालतं का गं?”

कॉफी कारल्याच्या रसासारखी होतीच. तो घोट आणखी कडू लागला. स्टँडसमोरच्या त्या बाकड्यावर वीस वर्षं मी रोज दोनदा बसतोय. ती एकदाही बसलेली नाही. बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन बाहेर उभी राहते, आणि मी आतून तिला पोऱ्याच्या हाती ग्लास पाठवतो. उभ्यानं पिते, ग्लास परत देते. त्या हॉटेलात बाई बसू नये अशी पाटी नाही. पाटीची कुणाला गरजच पडली नाही.

आम्ही आणखी तासभर बसलो. मी भाड्याचा विषय काढला नाही.

परतीला नांदेडला उतरून बाळापूरची एस.टी. धरली. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, “अहो, दर तीन दिवसाला एक दुकान काढतो म्हणले होते ना ते? मग बाळापूरचा नंबर कितवा लागंल?”

मी खिशातून पेन काढलं. तिकिटाच्या पाठीमागं हजारातून 421 वजा केले, बाकी 579 आली. खाली रेघ मारली आणि पुढं काय मांडावं ते सुचेना.