सहा हेतू, एक वाक्य : अमेरिकी सरनाम्याचे वाचन

राज्यसंस्था कशासाठी असते, या प्रश्नाला अमेरिकेने एका वाक्यात उत्तर दिले आहे. तिच्या राज्यघटनेचा सरनामा मूळ इंग्रजीत अवघ्या बावन्न शब्दांचा आहे आणि त्यात सहा हेतू सांगितले आहेत : अधिक परिपूर्ण संघराज्य, न्याय, अंतर्गत शांतता, सर्वांचे संरक्षण, सार्वत्रिक कल्याण, आणि स्वतःला व पुढील पिढ्यांना स्वातंत्र्याचा लाभ. अमेरिकी नागरिकशास्त्राची पाठ्यपुस्तके हीच यादी शासनाची मूलभूत उद्दिष्टे म्हणून शिकवतात. माझा आक्षेप ‘यादी’ या शब्दाला आहे. हे सहा हेतू एकाच वेळी सुचलेले नाहीत आणि एकाच वर्गाच्या गरजेतून आलेले नाहीत. ते एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदतात असेही नाही.

आधी मसुद्याचा इतिहास पाहू. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. ६ ऑगस्टला तिच्यापुढे आलेल्या मसुद्याच्या सरनाम्यात तेरा राज्यांची नावे ओळीने होती, हेतू मात्र एकही नव्हता. सप्टेंबरमध्ये भाषाशुद्धीसाठी नेमलेल्या समितीत गव्हर्नर मॉरिस यांनी लेखणी चालवली. (‘गव्हर्नर’ हे त्यांचे नाव, पद नव्हे.) राज्यांची नावे गेली, ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ आले, आणि सहा हेतू दाखल झाले. नावे गाळण्यामागे व्यवहारही होता. नऊ राज्यांनी मान्यता दिली की त्या राज्यांपुरती घटना लागू होणार होती. ती नऊ कोणती, हे आधी कोण सांगणार? ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवला नव्हता. लोकांच्या सार्वभौमत्वाची जगप्रसिद्ध घोषणा अंशतः अशा अडचणीतून जन्मली. त्याने तिचे मोल कमी होत नाही, पण ती आकाशातून पडली नाही हे कळते.

आता हेतूंकडे वळू. संरक्षण, स्वातंत्र्य आणि सार्वत्रिक कल्याण हे तीन हेतू आधीच्या राज्यमंडळाच्या करारनाम्यात होतेच. नवे तीन म्हणजे अधिक परिपूर्ण संघराज्य, न्याय आणि अंतर्गत शांतता. हे तीन १७८७ मध्येच का सुचले? आदल्या वर्षी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली होती. त्यांचा एक म्होरक्या डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने जप्ती थांबवणे हा न्याय होता, तर सावकाराच्या दृष्टीने करार पाळला जाणे हा न्याय होता. फिलाडेल्फियात जमलेल्यांना ‘शांतता’ हा शब्द सुचला, त्यामागे या बंडाची धास्ती होती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला प्रसिद्ध झालेल्या दहाव्या फेडरलिस्ट निबंधात जेम्स मॅडिसन यांनी गटबाजीचे सर्वांत टिकाऊ कारण मालमत्तेच्या विषम वाटपात असल्याचे उघड मांडले. गट नाहीसे करणे हे त्यांना राजकारणाचे काम वाटत नव्हते. एका गटाने साऱ्यांवर स्वार होऊ नये, एवढे त्यांना साधायचे होते.

सरनाम्याइतकेच त्याच्याखालचे मौनही वाचले पाहिजे. १७८७ च्या मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. गुलामांची तीन-पंचमांश गणना, १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीला अभय, पळून गेलेल्यांना परत करण्याचे कलम, हे सारे आडवळणाच्या भाषेत आहे. ‘गुलामगिरी’ हा शब्द तिच्यात प्रथम येतो तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, म्हणजे ती रद्द करताना. संघराज्य आणि न्याय या दोन हेतूंची टक्कर झाली तेव्हा घटनाकारांनी संघराज्य निवडले आणि निवडीची लाज शब्द टाळून झाकली.

मग सरनामा ही नुसती शोभेची कमान आहे काय? न्यायालयांचे निकाल पाहता तसे वाटू शकते. १९०५ मध्ये, देवीच्या सक्तीच्या लसीकरणाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सरनाम्यातून सरकारला कोणताही स्वतंत्र अधिकार मिळत नाही. १९८९ मध्ये विस्कॉन्सिनमधील एका बालकाचा खटला आला. बाप मारहाण करतो याच्या तक्रारी सरकारी समाजसेवकांकडे होत्या, तरी मूल बापाकडेच राहिले आणि मेंदूला कायमची इजा झाली. सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला : घटनेची ती तरतूद शासनाच्या हाताला आवर घालते, एकाने दुसऱ्याला केलेल्या इजेपासून वाचवण्याचे कर्तव्य ती शासनावर लादत नाही. म्हणजे संरक्षण हा शासनाचा हेतू आहे, पण नागरिकाला तो हक्क म्हणून मागता येईलच असे नाही. हेतू आणि हमी यांतली ही दरी पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.

तरीही कमान म्हणून तो मोडीत काढणे चूक ठरेल. एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८६० मध्ये ग्लासगोच्या भाषणात याच सरनाम्यावर बोट ठेवले : त्यात लोक म्हटले आहे, गोरे लोक म्हटलेले नाही. लिहिणाऱ्यांच्या मनात काय होते यापेक्षा त्यांनी कागदावर काय ठेवले, हे डग्लस यांनी प्रमाण मानले. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर संहितेचा सर्वांत समर्थ वाचक तिच्या बाहेर ठेवलेला माणूस निघाला. कल्याणाचा हेतूही असाच राजकारणाने प्रत्यक्षात आणला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन दिले, १९३७ मध्ये न्यायालयाने ते वैध ठरवले. पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले होते आणि कृष्णवर्णीय कामकऱ्यांचा मोठा हिस्सा याच कामांत होता. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी ते टप्प्याटप्प्याने आत आले. ‘सार्वत्रिक’ या शब्दाचा अर्थ व्यापक व्हायला इतकी वर्षे लागली.

मराठी वाचकाला इथे १८७३ आठवावे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाचा धडा आपल्या देशबांधवांनी घ्यावा म्हणून. त्याच वर्षीच्या १३ एप्रिलला लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्यांनी न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. दोषी ठरलेले थोडेसे लोकही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना नव्हे, असे कारण देण्यात आले. विस्कॉन्सिनच्या निकालाचे मूळ मला इथे दिसते.

मग फुल्यांची अर्पणपत्रिका भाबडी ठरते का? मला तसे वाटत नाही. ती अमेरिकेच्या सरकारला नाही, घटनेलाही नाही; लोकांना आहे. शासनाचे हेतू कागदावर कोणीही उत्तम लिहू शकतो. त्यांतला कोणता आधी, कोणाच्या वाट्याला आणि कोणाच्या खर्चाने, हे ठरवण्याच्या झगड्यालाच राजकारण म्हणतात, आणि तो झगडा लोकांनाच करावा लागतो.