बालाक्लावाचे वृत्त आणि प्रत्यक्षप्रमाण

क्रिमियाच्या युद्धातील 'टाइम्स'चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांच्या लेखनाची थोरवी ते डोळ्यांनी पाहून लिहिले गेले, या एका गोष्टीवर उभी केली जाते. त्यांचे बालाक्लावाचे वृत्त बारकाईने वाचले असता हा आधार अपुरा वाटू लागतो.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजी रसेल प्रत्यक्ष रणात नव्हते. सेनापती लॉर्ड रॅग्लन यांच्या मंडळींजवळ, दरीवरच्या उंचवट्यावर होते. नाटकगृहाच्या सज्जातून रंगमंच पाहावा तसे सारे ते दृश्य पाहत होते, असे ते स्वतःच लिहितात. उपमा चित्रदर्शी खरी, पण अडचणीचीही आहे. सज्जातल्या प्रेक्षकाला रंगमंच दिसतो, नेपथ्य दिसत नाही.

रशियन घोडदळ हायलँडर पलटणीवर चालून येते त्या स्थळी रसेल भूतकाळ सोडून वर्तमानकाळात शिरतात. तोफांच्या आवाजांमधली दडपून टाकणारी शांतता, घोड्यांचे लगाम चावणे, तलवारींचा खणखणाट हे सारे जणू आता घडत आहे. वस्तुतः हा मजकूर लंडनमध्ये छापला गेला तो १४ नोव्हेंबरला, वीस दिवसांनी. ऐतिहासिक वर्तमान मराठी वाचकाला परका नाही. येथे मात्र तो अलंकार न राहता प्रमाणाचे सोंग घेतो.

लाइट ब्रिगेडच्या चढाईपूर्वीचा लूकन व नोलन यांचा संवाद याहून निराळा आहे. ज्या हुकुमाच्या अर्थावर पुढचा सारा अनर्थ अवलंबून होता, त्याविषयीचे हे बोलणे रसेल यांनी ऐकले नव्हते, आणि ते तसे कळू देतात. आम्हांस असे सांगण्यात येते. शब्द हेच किंवा या आशयाचे. नोलन यांच्या मृत्यूनंतर झालेल्या निवेदनांवरून. मराठीत एक 'म्हणे' पुरला असता, इंग्रजीला तीन पदबंध लागले. वाक्य त्यामुळे लंगडते. परंतु दोष कोणाचा हे ठरावयाचे होते आणि दोहोंपैकी एक साक्षीदार मृत होता. तेथे शब्दप्रमाणाला प्रत्यक्षाचे रूप न देणे हीच रसेल यांची खरी कामगिरी मानली पाहिजे.

लोकस्मृतीने उचलली ती मात्र पोलादी टोकांची तांबडी रेघ.

१८५८ साली रसेल लखनौच्या मोहिमेचे वृत्त देण्यासाठी भारतात आले. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय दैनंदिनीचा अभ्यास अशा लंगड्या वाक्यांपासून आरंभावयास हरकत नाही.