‘शांत प्रदेश’ म्हणजे नेमकं काय?

भूकंपावरच्या शोधनिबंधात ‘शांत प्रदेश’ हा शब्द दिसला की जरा थांबा. जुन्या भूकंप नकाशात किल्लारी सर्वात कमी धोक्याच्या क्षेत्र 1 मध्ये होतं. 1992 मध्ये तिथे छोटे धक्के जाणवले. 30 सप्टेंबर 1993 ला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. नकाशा मुख्यतः नोंदलेल्या भूकंपांवर बेतलेला. भूकंपमापकच विरळ असतील तर छोटे धक्के नोंदणार कोण? 2002 मध्ये क्षेत्र 1 रद्द झालं, शब्द मात्र टिकला.

पण दुसरं टोकही गाठू नका. पालघरमध्ये 2018 पासून धक्क्यांची मालिका चालली, तरी किल्लारीसारखा भूकंप झाला नाही. म्हणून धक्क्यांवरून भाकीत नको. आधी विचारा: इथे कधीपासून मोजतायत, आणि किती यंत्रांनी?