‘खरी की खोटी’ हा कॉलम आधी पुसा : हार्दिकची अदलाबदल आणि अफवेचं जुनं सूत्र

अफवांवर काम करायचं ठरलं की विद्यार्थी पहिल्यांदा एक्सेल उघडतो आणि कॉलम पाडतो. तारीख, अफवा काय होती, कुठे ऐकली, कोणी सांगितली, आणि सगळ्यात शेवटी ‘खरी/खोटी’. तुमच्यापैकी दोघांनी वाचायला पाठवलेल्या सिनॉप्सिसमध्येही हाच कॉलम आहे. दोन्ही विषय चांगले आहेत. या कॉलमबद्दल मात्र मला भांडायचंय, आणि ते भांडण एका जाडजूड, सन्माननीय पुस्तकाशी आहे. उदाहरण क्रिकेटचं घेतो. गाईडसमोर ‘क्रिकेटच्या अफवा’ म्हटलं की खोलीत जो हशा पिकतो तो मला पाठ आहे, तरीही घेतो.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. आयपीएलच्या संघांनी कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं, याच्या याद्या त्या दिवशी जाहीर व्हायच्या होत्या. हार्दिक पांड्या गुजरात टायटन्स सोडून मुंबई इंडियन्सकडे परत येणार, ही कुजबूज आधी दोन-तीन दिवस जोरात होती. गुजरातला पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, जिंकून देणारा आणि २०२३ मध्ये फायनलपर्यंत नेणारा हा कॅप्टन. त्याला संघ सोडेल कशाला? संध्याकाळी यादी आली आणि गुजरातने ठेवलेल्या खेळाडूंत हार्दिकचं नाव होतं. टीव्हीवर पट्टी फिरली. ‘बघा, म्हटलं नव्हतं का’ म्हणणाऱ्यांचा विजय झाला. हा विजय जेमतेम दोन तास टिकला. रात्र पडेपर्यंत बातमी आली की व्यवहार झालाय, हार्दिक मुंबईचा. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, अधिकृत घोषणा झाली.

आता तुमचा कॉलम भरा. संध्याकाळी सहाला फॉर्म बंद केलात तर ही अफवा खोटी, आणि तीही अधिकृत कागदाच्या आधारावर खोटी. रात्री दहाला बंद केलात तर खरी. खरं तर यादीही खोटी नव्हती. खेळाडू ठेवण्याची मुदत त्या दिवशी संपत होती, पण अदलाबदलीची खिडकी १२ डिसेंबरपर्यंत उघडी होती. आज ‘ठेवला’ आणि उद्या ‘दिला’ या दोन्ही गोष्टी नियमात बसत होत्या. म्हणजे दोन कागद, दोन्ही खरे, आणि मधे सापडलेली अफवा तुमच्या कॉलममध्ये लटकलेली.

हा एखादा अपवाद वाटत असेल तर गोव्याकडे या. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना-हरकत पत्र मागितलं, पुढच्या हंगामात गोव्याकडून खेळण्यासाठी. बातमी खरी होती. तिच्या शेपटाला धरून दुसरी निघाली की सूर्यकुमार यादवही गोव्याला चाललाय. ती खोटी होती. सूर्यकुमारने स्वतः खिल्ली उडवून नाकारली, असोसिएशननेही नाकारली. एकाच आठवड्यातल्या, एकाच विषयावरच्या, त्याच तोंडांतून फिरलेल्या दोन गोष्टी, एक खरी आणि एक खोटी. इथपर्यंत कॉलम नीट चालतो. पण मे महिन्यात जयस्वालने अर्ज मागे घेतला, मुंबईतच राहायचं ठरवलं, आणि त्याला परवानगीही मिळाली. मग ‘यशस्वी गोव्याला चालला’ या वाक्यापुढे तुम्ही काय लिहाल? एप्रिलमध्ये खरं, मेमध्ये खोटं? जो कॉलम महिन्याभरात उत्तर फिरवतो, तो अफवेबद्दल काही सांगत नाही. तुम्ही वही कधी मिटलीत एवढंच सांगतो.

आता त्या पुस्तकाकडे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ रूमर’, १९४७. (अफवांवरच्या पुस्तकाच्या लेखकाचं आडनाव पोस्टमन असावं, हे मला अजूनही गोड वाटतं.) युद्धकाळातल्या अफवांनी अमेरिकन सरकारला घोर लावला होता, त्या काळजीतून हे काम उभं राहिलं. त्याचं एक सूत्र तुम्ही नेटच्या गाईडबुकात पाहिलं असेल : अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले संदिग्धता. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य झालं की अफवाही शून्य. वाक्य इतकं सुटसुटीत आहे की परीक्षेत लिहायचा मोह आवरत नाही, आणि व्हायव्हात कोणी विचारलं तर दोन मिनिटं सहज निघतात. एवढं मात्र लक्षात ठेवा की हा गुणाकार त्यांनी प्रयोगातून मोजून काढलेला नाही. तो एक अंदाज आहे, सूत्राच्या कपड्यात उभा केलेला.

त्यांचा प्रयोग वेगळाच होता. एका माणसाला चित्र दाखवायचं, त्याने ते दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांनंतर सुमारे ७० टक्के तपशील गळून जायचा. गाडीच्या डब्याच्या चित्रात वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात होता. अनेक साखळ्यांत सांगता सांगता तो काळ्या माणसाच्या हातात गेला. या प्रयोगाची ताकद मला मान्य आहे. पूर्वग्रह कसा काम करतो ते यापेक्षा थोडक्यात दाखवणं अवघड. (एक सूचना : कित्येक पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांचा म्हणून छापलाय. तो कर्णोपकर्णी सांगण्याचा आहे. मूळ पुस्तक उघडा, ही सवय आत्ताच लावून घ्या.)

पण त्या खोलीत एक नियम होता. ऐकणाऱ्याने उलट विचारायचं नाही. ‘तुला कोणी सांगितलं?’ नाही, ‘छे, कायतरीच काय’ नाही. ऐकायचं आणि पुढे ढकलायचं. असं अफवा ऐकणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? मी खारदांड्यात राहतो. इथे सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी उभं राहून कोणी म्हणालं, ‘हार्दिक येतोय’, तर पहिला प्रतिसाद असतो, ‘पैसं कुठून आणणार?’ त्या नोव्हेंबरात मी टिपलेल्या गप्पांतला (नावं घेतली नाहीत, परवानगी घेतली होती) सगळ्यात मोठा भाग हिशोबाचा आहे. हार्दिकचे १५ कोटी. मुंबईच्या पिशवीत तेवढी जागा करायची तर कोणीतरी महागडा जायला हवा. मग कोण? कॅमेरॉन ग्रीनचे साडेसतरा कोटी. झालंही तसंच, त्याच व्यवहाराच्या जोडीने ग्रीन बंगळुरूकडे गेला. कोणीही आतली बातमी न सांगता, नियम आणि आकडे जुळवून लोक तिथवर पोचले होते. त्यात तपशील गळणं कुठे आहे? उलट तोंडागणिक तपशील वाढत होता आणि तपासलाही जात होता.

याला शब्द देणारा माणूस म्हणजे तमोत्सू शिबुतानी. युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं तेव्हा तो स्वतः टुली लेकच्या छावणीत होता. उद्या आपल्याला कुठे हलवतील हे अधिकारी सांगत नाहीत, तेव्हा माणसं एकत्र बसून, असेल नसेल ती माहिती जोडून, चालू काम निभेल एवढी बातमी तयार करतात. १९६६ च्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘इम्प्रोव्हाइज्ड न्यूज’. ऑलपोर्टच्या खोलीत माणूस गळका पाइप आहे. शिबुतानीच्या छावणीत तो विचार करणारा आहे. कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करता यावरून तुमच्या प्रबंधातली माणसं मूर्ख ठरणार की शहाणी, हे पहिल्या प्रकरणातच ठरून जातं. माझं भांडण इथे आहे. ‘खरी/खोटी’ हा कॉलम पाडला की तुम्ही नकळत पहिल्या खोलीत शिरता. बोलणारा बरोबर की चूक एवढंच विचारता, तो काय करत होता ते विचारत नाही.

आपल्याकडचं एक नाव इथे यायलाच हवं, कारण सिनॉप्सिसमध्ये ते हमखास राहून जातं. जमुना प्रसाद यांनी १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतरच्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर लेख छापला. ऑलपोर्टच्या आधी बारा वर्षं! याच सामग्रीवर पुढे लिऑन फेस्टिंजरने १९५७ मध्ये एक तिरका प्रश्न विचारला : भूकंप होऊन गेला, मग लोक आणखी मोठ्या संकटाच्या भाकितांवर विश्वास का ठेवतात? भीती तर कमी व्हायला हवी. त्याचं उत्तर असं की भीती आधी आलेली असते, आणि अफवा त्या भीतीला साजेसं कारण पुरवते.

हे उत्तर घेऊन हार्दिकच्या गोष्टीचा दुसरा अंक वाचा, कारण ऑलपोर्ट-पोस्टमनचं सूत्र तिथे खरोखर अडखळतं. २७ नोव्हेंबरला संदिग्धता संपली. सूत्राप्रमाणे अफवा विझायला हवी होती. ती वाढली. रोहितचं काय? २०१३ पासून कॅप्टन, पाच विजेतेपदं. १५ डिसेंबरला जाहीर झालं की कॅप्टन हार्दिक. पुन्हा संदिग्धता संपली आणि पुन्हा बोलणं वाढलं. रोहित चालला, अमुक अमुक नाराज, ड्रेसिंग रूममध्ये दोन गट. ऑलपोर्टचा पाठीराखा म्हणेल की नवीन संदिग्धता तयार झाली, त्यात काय. त्यात थोडं तथ्य आहे. गुजरातला त्या व्यवहारात किती पैसे मिळाले तो आकडा जाहीर झालेला नाही, आणि मार्च २०२४ च्या पत्रकार परिषदेत कॅप्टन बदलण्यामागचं कारण विचारल्यावर उत्तर आलं नाही. ही संदिग्धता भूकंपासारखी आपोआप आलेली नाही, कोणीतरी राखलेली आहे. सूत्रात ‘सं’ हे अक्षर नुसतं असतं. ते कोणाच्या तिजोरीत ठेवलंय याला सूत्रात जागा नाही. तुमचा विषय शेअर बाजार असो, भरतीची परीक्षा असो की पुनर्विकास, हा प्रश्न विचारून बघा. पुनर्विकासाच्या अफवांत जगणाऱ्या वस्तीत मी राहतो. माहिती कोणाकडे आहे आणि ती तो का देत नाही, हे समजल्याशिवाय तिथली एकही अफवा मला उलगडलेली नाही.

पण हाही खुलासा पुरत नाही. दांड्यातल्या गप्पांत डिसेंबरनंतर हिशोब जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या जागी येतो तो ‘आपला’ हा शब्द. हार्दिक २०१५ ते २०२१ मुंबईकडूनच खेळला, इथेच मोठा झाला, चार विजेतेपदांत होता. तरी तो ‘गेलेला’. कोळीवाड्यांत आणि रायगड-ठाण्याच्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, त्यांत ‘एक गाव एक संघ’ असा प्रकार असतो. बाहेरचा खेळाडू चालत नाही. कोण बाहेरचा यावर मॅचपेक्षा मोठी भांडणं होतात : लग्न होऊन आलेला मेहुणा चालेल का, आजोळ इथलं असेल तर? माझ्या टिपणांत हार्दिकवरचा वाद नेमका याच भाषेत चाललाय. माहितीचा प्रश्न उरलेलाच नव्हता, प्रश्न गावकीचा झाला होता. ज्या लीगमध्ये खेळाडू लिलावात विकत घेतात तिथे लोक गावकीचा नियम लावत होते. हे हास्यास्पद आहे असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे, पण मग तुमच्याकडे संशोधनाचा प्रश्न उरत नाही.

याची किंमत एका माणसाने मोजली, हेही विसरू नका. २४ मार्च २०२४ ला अहमदाबादला त्याची हुर्यो उडाली. ते समजण्यासारखं, तिथे तो सोडून गेलेला. पण १ एप्रिलला वानखेडेवर, स्वतःच्या घरच्या मैदानावर, टॉसच्या वेळी इतका आरडाओरडा झाला की संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. फेस्टिंजरचा चष्मा लावला तर नाराज गटांच्या, ड्रेसिंग रूमच्या त्या सगळ्या कहाण्या आधीच आलेल्या रागाला कारण पुरवत होत्या. माझ्या टिपणांत हाच क्रम दिसतो : राग १५ डिसेंबरच्या रात्रीचा, कहाण्या त्यानंतरच्या. अर्थात एका वस्तीतली टिपणं आहेत, क्रम दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. त्यासाठी दुसरं गाव लागेल, अहमदाबादचं चाललं तर उत्तम. कोणाला करायचं असेल तर मेल करा.

मग त्या कॉलमच्या जागी काय? मी तीन गोष्टी टिपतो. बोलणं कोणत्या तासाला झालं (तारीख पुरत नाही, २६ नोव्हेंबर आठवा). ऐकणाऱ्याने उलट काय विचारलं. आणि त्या क्षणी अधिकृत कागद काय म्हणत होता. शिवाय फसलेल्या अफवा त्याच दिवशी लिहून ठेवा. सूर्यकुमार गोव्याला गेला नाही म्हणून ती गोष्ट वर्षभराने कोणाला आठवत नाही, हार्दिकची सगळ्यांना आठवते. नंतर आठवणीतून अफवा जमवल्या तर दांड्यातला प्रत्येक माणूस भविष्यवेत्ता निघेल.

मुंबई त्या हंगामात १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिली. २९ जूनला बार्बाडोसमध्ये भारताने वर्ल्ड कप जिंकला, शेवटची ओव्हर हार्दिकची. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. या दिवसाची माझ्याकडे पाच पानं आहेत. त्यांत एकही अफवा नाही. अफवांवरच्या प्रबंधात ती पानं घ्यायची का, यावर माझं आणि गाईडचं अजून जुळलेलं नाही. तिचं म्हणणं, विषयाबाहेरचं आहे. मी ती दुसऱ्या प्रकरणाच्या फाइलमध्येच ठेवली आहेत.