बंदिवानाची नोंदवही

युद्धेतिहासाचे ग्रंथ आणि निसर्गाभ्यासाचे ग्रंथ ग्रंथालयांत निरनिराळ्या कपाटांत ठेवले जातात. जॉन बक्सटन यांचे ‘द रेडस्टार्ट’ (१९५०) हे पुस्तक साहजिकच पक्ष्यांच्या कपाटात जाते. एका चिमुकल्या पक्ष्याची वीण, घरटे, गाणे, पिलांना भरवण्याच्या खेपा यांचा हा प्रबंध आहे. हिवाळ्यात आपल्याकडे उतरणारा, शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा हा त्याच पक्ष्याचा निकटचा भाऊबंद. मात्र ज्या निरीक्षणांवर हा प्रबंध उभा आहे, ती जर्मनीतील युद्धबंद्यांच्या छावण्यांत झालेली आहेत. १९४० मध्ये नॉर्वेत पकडले गेलेले बक्सटन युद्ध संपेपर्यंत बंदिवासात होते. पहिल्याच उन्हाळ्यात बव्हेरियात त्यांच्या दृष्टीस या पक्ष्यांचे एक कुटुंब पडले. पुढे आइखश्टेटच्या छावणीत १९४३ च्या एप्रिल ते जून या काळात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एका जोडीवर सुमारे साडेआठशे तास नजर ठेवली.

बक्सटन स्वतः कवी होते. युद्धानंतर ऑक्सफर्डमध्ये त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्यापन केले. मुक्त पाखरू आणि कोंडलेला माणूस ही जोडी कवीच्या हाती आयतीच आलेली होती. प्रबंधात त्यांनी तिचा मोह टाळला, आणि या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल प्रथम या नकारात आहे. पक्ष्याचे जगणे माणसाच्या सुखदुःखाचा आरसा नव्हे, त्याला स्वतःचा असा एक व्यवहार आहे, ही जाणीव तेथे अखेरपर्यंत टिकते. तरीही तुरुंग या पुस्तकातून नाहीसा झालेला नाही. मोकळ्या माणसाला एका जोडीसाठी साडेआठशे तास कोठून मिळावेत? काटेरी तारेपलीकडे उडालेला पक्षी निरीक्षकाच्या नजरेतून, म्हणून नोंदीतूनही, निसटतो. बंदिवासाचे वर्णन जवळजवळ नाही. बंदिवासाचा आकार मात्र तासांच्या आकड्यात आणि निरीक्षणाच्या मर्यादेत उमटलेला आहे. छळाच्या कहाण्यांनी भरलेल्या कित्येक आत्मवृत्तांना जे साधत नाही, ते येथे कोरड्या नोंदींना साधले आहे.

या नोंदींना शत्रुपक्षाचेही साहाय्य झाले. बर्लिनचे थोर पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांनी या ब्रिटिश बंद्यांशी पत्रव्यवहार ठेवला आणि त्यांच्या अभ्यासाला मदत केली. हेच श्ट्रेझेमान भारतीय वाचकाला दुसऱ्या वाटेने परिचित आहेत: सलीम अली १९२९-३० मध्ये बर्लिनला ज्यांच्या हाताखाली शिकले, ते हे गुरू.

डेरेक नीमन यांच्या ‘बर्ड्स इन अ केज’ (२०१२) या पुस्तकाने बक्सटन यांनी गाळलेला भाग भरून काढला. जॉर्ज वॉटर्स्टन, पीटर काँडर आणि जॉन बॅरेट या सहबंद्यांसह चौघांची कथा त्यात येते. संशोधन कष्टाचे आहे आणि निवेदन आटोपशीर. परंतु वॉटर्स्टन यांनी पुढे फेअर आयल बेट घेतले, काँडर पक्षिरक्षणाच्या मोठ्या संस्थेचे प्रमुख झाले, या उत्तरायुष्याचा प्रकाश छावणीवर पाडताना बंदिवास जणू एखाद्या कार्याची पूर्वतयारी होता असे वाटू लागते. त्या साडेआठशे तासांत बसलेल्या माणसाला सुटका होईल की नाही, हेही ठाऊक नव्हते. बक्सटन यांच्या मौनात ही अनिश्चितता अधिक शाबूत राहिली आहे.

मौनाचे मोल कळायचे असेल, तर रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या वाचाळ रोजनिशांकडे वळावे लागते. हेही सैनिक आणि पक्षिशास्त्रज्ञ. ‘केनिया डायरी’ (१९५७), ‘आर्मी डायरी’ (१९६०) ही त्यांची पुस्तके रसाळ आहेत, आणि हा रसाळपणाच संशयास्पद ठरला. १९१७ च्या गाझा मोहिमेत बनावट कागदांची पिशवी शत्रूच्या हाती पडू देण्याच्या युक्तीचे श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतले होते. पुढील अभ्यासकांनी ते अमान्य केले, रोजनिशीतील मजकूर मागाहून रचल्याचेही दाखवून दिले. १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी त्यांच्या पक्षिसंग्रहातील लबाडी उघड केली. दुसऱ्यांनी जमवलेले नमुने चोरून त्यांवर त्यांनी स्वतःच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात त्यांच्यासोबत होते. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) या आत्मचरित्रात त्यांनी माइनर्ट्झहागन यांच्या रोजनिशीतील स्वतःविषयीच्या बोचऱ्या नोंदी दिलखुलासपणे उद्धृत केल्या. त्या रोजनिशीचे स्वरूप पुरते उघड होण्यापूर्वीची ही उदारता आज वाचताना वाचक क्षणभर थबकतो.

असत्य नोंदीची किंमत केवळ इतिहासकाराला मोजावी लागते असे नाही. १८८४ नंतर रानपिंगळ्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. फक्त माइनर्ट्झहागन यांचा, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचे सांगणारा नमुना तेवढा होता. पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात जमवलेल्या पक्ष्यांपैकीच, चोरून नव्याने पेंढा भरलेला, निघाला. ती चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या नमुन्यांवरील ठिकाणांचा माग काढत रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर दिवसा, एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला.