इंजिन दिसतं, मजूर दिसत नाहीत

युद्धसंग्रहालयं खोटं सांगतात, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण फलकावरचं प्रत्येक वाक्य खरं असूनही इतिहास अर्धवट सांगता येतो. तो कसा, हे आज आपण एकाच वस्तूवरून पाहू.

टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात युशुकान हे संग्रहालय आहे, १८८२ साली सुरू झालेलं. आत शिरताच, तिकीट काढण्याआधीच, झीरो जातीचं लढाऊ विमान दिसतं आणि वाफेचं एक काळं, चकचकीत इंजिन. सी-५६ जातीचं, क्रमांक ३१. हे सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गावर धावलेलं इंजिन. १९४३च्या ऑक्टोबरात तो ४१५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. युद्धानंतर इंजिन थायलंडमध्येच राहिलं आणि १९७९ साली त्या मार्गाशी संबंधित माजी सैनिकांनी पैसे जमवून ते जपानला परत आणलं. या हकिकतीत खोटं काहीच नाही.

मग आक्षेप काय? तो मार्ग बांधताना साधारण साडेबारा हजार दोस्त युद्धकैदी मेले. आशियाई मजुरांची तर धड मोजदादही झाली नाही. अंदाज नव्वद हजारांच्या आसपास जातात. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने होते. पटकी, मलेरिया, उपासमार, मारहाण. इंजिनाची हकिकत या माणसांपर्यंत पोचतच नाही, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलंय.

बरं, हे मौन एकट्या जपानचं नाही. थायलंडमध्ये कांचनाबुरीच्या युद्ध-दफनभूमीत जवळजवळ सात हजार कबरी आहेत, ओळीने, निगा राखलेल्या, बहुतेकींवर नाव कोरलेल्या. तमिळ मजुरांच्या वाट्याला असे दगड आले नाहीत.

आणि आपण? युशुकानजवळच २००५ साली न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं स्मारक उभारलं गेलं. टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकमेव न्यायाधीश, म्हणून आपल्याला अभिमान वाटतो. पण त्यांचे मुद्दे मुख्यतः कायद्याचे आणि कटाच्या पुराव्याचे होते. जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा भक्कम आहे, हेही त्यांनी त्याच निकालपत्रात लिहिलंय. सोयीचं तेवढं उचललं गेलं, उरलेलं राहून गेलं. म्हणजे एका भारतीयाचं स्मारक आवारात आहे. आणि काही पावलांवर इंजिन आहे, ज्याच्या रुळांखाली भारतीय वंशाचे हजारो मजूर गेले. त्या दोहोंचा संबंध आपणही जोडत नाही.

ते इंजिन हलवा, असं आम्ही म्हणत नाही. ते तिथेच असू द्या. फक्त मार्ग कोणी बांधला आणि त्यांतले किती परतले नाहीत, एवढ्या दोन ओळी फलकावर हव्यात. तोवर कुठल्याही संग्रहालयात, आपल्याकडच्याही, फलक वाचून झाला की एक प्रश्न विचारायचा: ही गोष्ट नेमकी कुठे थांबवली, आणि कोण यायच्या आधी?